अठ्ठावीस जणांचे दुकान

एकत्र कुटुंब मोडले म्हणजे लोक शेताच्या बांधाची गोष्ट सांगतात. परंतु ज्यांनी अशी घरे आतून पाहिली आहेत त्यांना ठाऊक असते की भांडण बांधावर सुरू होत नाही, ते चुलीपाशी सुरू होते. एकीच्या मुलाच्या वाटीत तुपाची धार जरा जाड पडली, दुसरी माहेरी चार दिवस अधिक राहिली, तिसरीचा नवरा मुंबईहून मनिऑर्डर पाठवतो आणि चौथीचा ओट्यावर बसून सुपारी कातरतो. म्हणून तर जुना कारभारी माणूस दिवाळीला सर्व सुनांना एकाच पेठेतून, एकाच किमतीची लुगडी आणी. आणि तरीही काठाच्या रंगावरून कुरबूर व्हायची ती होईच.

जे एका घरात इतके अवघड, ते साऱ्या गावात, साऱ्या देशात करून दाखवू असे म्हणणारी माणसे गेल्या दोनशे वर्षांत निघाली. त्यांच्या विचाराला समूहवाद असे नाव आहे. हा विचार थोडक्यात असा, की जमीन, खाणी, गिरण्या, यंत्रे ही संपत्ती निर्माण करण्याची साधने कोणा एकाच्या हातात नसावीत. काय पिकवावे आणि काय विणावे हे बाजारातील चढाओढीवर न सोडता सर्वांनी बसून ठरवावे. एकट्याने आपले हित समूहाच्या हितात पाहावे. आणि जे निर्माण होईल ते वाटून घ्यावे. या ‘वाटून’ शब्दातच सारी मेख आहे. कामाच्या मानाने वाटायचे की गरजेच्या मानाने? बाकुनिन आणि त्याचे सोबती १८६९ च्या सुमारास स्वतःस समूहवादी म्हणवून घेऊ लागले, ते ‘आम्ही साम्यवादी नव्हेत’ हे सांगण्यासाठी. साधने सर्वांची, पण श्रमाचे फळ ज्याच्या त्याच्या श्रमाच्या मानाने, अशी त्यांची वाटणी होती. पुढे हा शब्द सैल होत गेला आणि ज्याला जे सामुदायिक दिसले त्याला तो चिकटविण्यात आला.

पण तत्त्वांचा नुसता काथ्याकूट दिवाळीच्या दिवसांत कोणास रुचणार? त्यापेक्षा ज्या माणसाने स्वतःच्या खिशातले पैसे घालून हा प्रयोग केला, त्याचीच हकिगत सांगतो.

रॉबर्ट ओवेन हा वेल्समधील न्यूटाउन गावच्या एका खोगीर करणाऱ्याचा मुलगा. जन्म १७७१ चा. दहाव्या वर्षी घर सोडून कापडाच्या दुकानात उमेदवारीला लागला आणि विशी ओलांडते न ओलांडते तोच मँचेस्टरच्या एका गिरणीत पाचशे माणसांवर व्यवस्थापक झाला. ते दिवस इंग्लंडात सुताच्या गिरण्यांचे होते. हुशार आणि धीट पोराला वर चढायला शिडी लागत नसे. पुढे स्कॉटलंडात क्लाइड नदीच्या धबधब्याखाली न्यू लॅनार्क नावाच्या गावी डेव्हिड डेल या सद्गृहस्थाच्या मोठ्या गिरण्या होत्या, त्या ओवेनने भागीदारांसह साठ हजार पौंडांना विकत घेतल्या आणि त्याच वर्षी, १७९९ साली, डेलच्या मुलीशी लग्नही केले. १८०० च्या पहिल्या दिवशी तो तिथला कारभारी झाला.

गिरणी म्हणजे एक गावच होते. वस्ती दीड-दोन हजारांची. त्यांत सुमारे पाचशे मुले अनाथालयांतून आणि दरिद्र्यांच्या आश्रमांतून आणलेली. सहा-सात वर्षांची पोरे दिवसाचे तेरा तास यंत्राखाली वावरत, आणि मग रात्री त्यांना शाळेत बसवीत. डेल हा त्या काळच्या मानाने दयाळू मालक! इतर गिरण्यांत रात्रीची शाळाही नसे. ओवेनने अनाथ मुले आणणे बंद केले आणि दहा वर्षांखालील मुलाला गिरणीत घ्यावयाचे नाही असा नियम केला. कामाचे तास हळूहळू पावणेअकराच्या आसपास आणले. गावातले दुकानदार भेसळीचा माल दुप्पट दराने उधारीवर देत. त्याने गिरणीचे दुकान काढून चांगला माल घाऊक भावाने आणविला आणि थोड्या नफ्यावर विकला, आणि तो नफाही शाळेकडे वळविला. अमेरिकेने कापसाची निर्यात अडविली तेव्हा इतर गिरण्यांनी माणसे काढून टाकली. ओवेनने चार महिने यंत्रे बंद ठेवली आणि यंत्रे पुसून ठेवण्याखेरीज काम नसलेल्या माणसांना पुरा पगार दिला. सात हजार पौंडांहून अधिक रक्कम त्यात गेली. त्या दिवसापासून कामकऱ्यांनी त्याला आपला मानला. तोपर्यंत हा परका इंग्रजी बोलणारा मालक काहीतरी डाव खेळत आहे असाच त्यांचा समज होता.

त्याची एक युक्ती मात्र वाचताना अंगावर काटा येतो. प्रत्येक कामकऱ्याच्या जागेजवळ एक लाकडी चौकोनी ठोकळा टांगलेला असे. त्याच्या चार बाजूंना चार रंग: काळा, निळा, पिवळा, पांढरा. काल तुमचे काम वाईट झाले असेल तर आज काळी बाजू पुढे, उत्तम झाले असेल तर पांढरी. कोणी रागवायचे नाही, दंड करायचा नाही. मालक फक्त रांगेतून चालत जाई आणि एकेका ठोकळ्याकडे, मग त्या माणसाकडे पाही. रोजचा रंग वहीत नोंदला जाई. मारापेक्षा हे शतपटीने बरे, यात शंका नाही. पण चाळीस जणांसमोर काळा ठोकळा घेऊन दिवसभर उभे राहावयाचे म्हणजे काय, हे ज्याने वर्गात कधी बाकावर उभे राहण्याची शिक्षा भोगली असेल त्याला विचारावे.

आता माझ्या जिव्हाळ्याचा विषय येतो, तेव्हा दोन ओळी अधिक लिहिल्या तर वाचकांनी क्षमा करावी. १८१६ च्या पहिल्या दिवशी ओवेनने न्यू लॅनार्कला एक संस्था उघडली. तिच्यात चालू लागलेल्या पोरापासून सर्वांना प्रवेश होता. तान्ह्यांच्या वर्गासाठी त्याने जे शिक्षक निवडले त्यांपैकी जेम्स ब्यूकॅनन हा विणकर. त्याला धड लिहितावाचताही येत नव्हते. दुसरी मॉली यंग, गिरणीतली सतरा वर्षांची मुलगी. दोघांना सूचना एवढीच, की कोणत्याही कारणास्तव मुलाला मारायचे नाही, धाक घालायचा नाही, वाकडा शब्द बोलायचा नाही. आणि प्रत्येक मुलाला सांगायचे की आपल्या सोबत्यांना सुखी करण्याचा प्रयत्न कर. बक्षिसे नाहीत, शिक्षा नाहीत. वर्गाच्या भिंतींवर प्राण्यांची चित्रे, मोठमोठे नकाशे. मुलांनी गावे हुडकावयाची, गाणी म्हणावयाची, नाचावयाचे. पदवीधर शिक्षक सोडून विणकर आणि गिरणीतली पोर निवडणाऱ्या या माणसाला मुलांची नाडी कळली होती, असे मला वाटते. पुढे धर्मभीरू भागीदारांनी नाचावर आणि मुलांच्या आखूड पोशाखावर आक्षेप घेतले आणि बायबलचे पाठ वाढविले. भागीदारांपायी त्याला आधीही बराच त्रास झाला होता. १८१३ साली तर गिरण्यांचा लिलावच झाला, आणि ज्यांना पाच टक्क्यांवर नफा नको अशा नव्या भागीदारांच्या मदतीने त्याने त्या परत घेतल्या. त्या भागीदारांत जेरेमी बेंथॅम हा तत्त्वज्ञही होता.

जगभरचे लोक न्यू लॅनार्क पाहावयास येऊ लागले. रशियाचा राजपुत्र निकोलस, जो पुढे झार झाला, तोही येऊन गेला. दया करूनही नफा होतो, हे पाहून सर्वांनी तोंडात बोट घातले. घरी जाऊन मात्र कोणी काही केले नाही. आणि ओवेनलाही यात समाधान नव्हते. पुढे त्याने स्वतःच कबूल केले की ती माणसे माझ्या मर्जीवरची गुलामच होती. गिरणी त्याची, ठोकळा त्याचा, शाळाही त्याची. सर्वांचे सर्व काही असे तेथे काहीच नव्हते.

म्हणून त्याने योजना आखली ती गावांची. हजार-बाराशे माणसे, तितक्याच एकरांची जमीन, चौकोनी आवाराभोवती घरे, मध्ये सामाईक स्वयंपाकघर, भोजनगृह आणि शाळा. माणसाचा स्वभाव परिस्थितीने घडतो, स्वतः माणूस तो घडवीत नाही, हे त्याचे मूळ सूत्र. तेव्हा परिस्थिती बदला म्हणजे मत्सर आणि लोभ आपोआप गळून पडतील. विल्यम कॉबेट या तिखट पत्रकाराने ‘भिकाऱ्यांचे चौकोन’ म्हणून त्याची थट्टा केली. इंग्लंडात कोणी पैसे देईना, तेव्हा ओवेनने अमेरिकेकडे तोंड वळविले.

इंडियाना प्रांतात वाबाश नदीकाठी रॅप नावाच्या जर्मन धर्मगुरूच्या अनुयायांनी वसविलेले एक गाव विकावयास निघाले होते. वीस हजार एकर जमीन, शंभरावर घरे, गिरण्या, द्राक्षमळे, सारे तयार. रॅपचे लोकही सर्व काही सामाईकच ठेवीत. पण त्यांना बांधणारी दोरी धर्माची आणि एका माणसाच्या आज्ञेची होती. ओवेनने ते गाव सव्वा-दीड लाख डॉलरांच्या घरात घेतले, त्याला न्यू हार्मनी, म्हणजे नवा मेळ, असे नाव दिले, आणि वॉशिंग्टनला जाऊन प्रतिनिधिगृहाच्या दालनात दोन व्याख्याने दिली. ऐकावयास मावळता राष्ट्राध्यक्ष होता आणि नवाही होता. ज्याला यावयाचे त्याने यावे, असे त्याने जाहीर केले. हे १८२५ साल.

आणि लोक आले! काही महिन्यांतच आठशे-हजार माणसे जमली. विद्वान आले, १८२६ च्या जानेवारीत तर शास्त्रज्ञांनी आणि शिक्षकांनी भरलेली एक नाव ओहायो नदीतून वाट काढीत आली, तिला लोक ‘ज्ञानाची नाव’ म्हणू लागले. ध्येयवेडे आले, आणि ज्यांना दुसरीकडे कोणी उभे करीत नव्हते तेही आले. पण कुंभारकामाची जागा होती तर कुंभार नाहीत, रंगाची भट्टी होती तर रंगारी नाहीत. शेते नांगरणाऱ्यांपेक्षा शेतीवर व्याख्यान देणारे अधिक. ओवेनचा मुलगा रॉबर्ट डेल ओवेन हौसेने शेतात उतरला आणि थोड्याच दिवसांत थकून शाळेकडे आणि वृत्तपत्राकडे वळला. मंगळवारी नाच, गुरुवारी गाणे, रविवारी व्याख्यान. आठवडा मजेत जाई. गाईंची धार काढणाऱ्यांची तेवढी वानवा होती.

पहिल्या घटनेप्रमाणे दुकानातल्या हिशेबावर प्रत्येकाच्या कामाची नोंद होई. १८२६ च्या फेब्रुवारीत ओवेनने एक पाऊल पुढे टाकून संपूर्ण समतेची घटना आणली: सर्वांना सारखे अन्न, सारखे वस्त्र, सारखी घरे. मग काम किती केले हे मोजण्याचे कारणच उरले नाही. आणि लगेच सर्वांनाच दुसऱ्याच्या कामाचे मोजमाप डोळ्यांत भरू लागले. बायकांना समान मताचा हक्क आहे असे सांगितले गेले. पण दिवसभर समाजाचे काम आणि संध्याकाळी घरची चूल, अशी दुहेरी जुंपणी त्यांच्याच मानेवर आली. त्यांची तक्रार अशी, की सामाईक झाले ते श्रम. विसावा सामाईक झाला नाही. काही आठवड्यांत लोकांनी ओवेनलाच विनविले की बाबा, तूच कारभार पाहा. मग गावाची शकले पडू लागली: एक गट धर्माच्या कारणावरून निघाला, एक शेतीच्या, एक शिक्षणाच्या. एकामागून एक घटना लिहिल्या गेल्या. १८२७ च्या उन्हाळ्याआधी ओवेन निरोपाचे भाषण करून निघून गेला. त्याच्या संपत्तीचा बहुतेक भाग वाबाशच्या काठी राहिला.

एक गोष्ट त्याचे भक्त फारशी सांगत नाहीत. ‘ज्याला यावयाचे त्याने यावे’ या आमंत्रणात काळ्या वर्णाची माणसे नव्हती. घटनेत त्यांना सभासद म्हणून मज्जाव होता. मदतनीस म्हणून घेता येत असे. साऱ्या मानवजातीच्या नव्या युगाची घटना लिहिताना मालकांच्या लेखणीतून हे कलम सहज उतरले. समूहाची गोष्ट कोणी सांगू लागला की मी म्हणूनच आधी विचारतो, की कुंपण कोठे घातले आहे?

रॉचडेल हे इंग्लंडातले लोकर विणणाऱ्यांचे गाव. १८४४ साली तेथील फ्लॅनेल विणणाऱ्यांचा पगारवाढीचा लढा फसला होता. त्यांतले काही जण ओवेनच्या विचारांचे, काही मताधिकाराच्या चळवळीतले. त्यांच्याजवळ वीस हजार एकर नव्हते. आठवड्याला दोन-दोन, तीन-तीन पेन्स टाकून वर्षभरात अठ्ठावीस जणांनी अठ्ठावीस पौंड जमविले आणि टोड लेन नावाच्या गल्लीत एका वखारीचा तळमजला भाड्याने घेतला. २१ डिसेंबर १८४४ या दिवशी, वर्षातील सर्वांत मोठ्या रात्री, दुकानाच्या झडपा उघडल्या. आत माल काय? अठ्ठावीस रत्तल लोणी, छप्पन्न रत्तल साखर, थोडी गव्हाच्या पिठाची पोती, ओटच्या पिठाचे एक पोते आणि काही मेणबत्त्या. गल्लीतली गिरणीची पोरे बाहेर उभी राहून खिदळत होती. आपल्याकडे एखाद्या खेड्यातील वाण्याच्या दुकानी दिवाळीच्या आठवड्यात याहून जास्त माल असतो.

त्यांच्या जाहीरनाम्यात स्वप्ने लहान नव्हती. घरे बांधू, गिरण्या काढू, जमीन घेऊ आणि अखेर सर्वांच्या सामाईक हिताची एक वसाहत स्थापन करू, असे त्यात लिहिले होते. हे ओवेनचेच स्वप्न. पण त्यांनी सुरुवात लोण्यापासून केली. नियम असे ठेवले की ते आजही सहकारी पुस्तकांत छापतात. भाग कितीही असोत, मत एकच. उधारी नाही, रोख. माल निर्भेळ, माप पुरे. भांडवलावर ठराविक व्याज द्यावयाचे, त्याहून अधिक नाही. बायकांना पुरुषांप्रमाणेच सभासद होता येईल. पंथ आणि राजकारण दुकानाबाहेर. आणि उरलेला नफा ज्याने जितकी खरेदी केली त्या मानाने त्यास परत.

हा शेवटचा नियम साधा दिसतो. त्याची करामत सांगितली पाहिजे. ओवेनच्या गावात समूहाने आणि सभासदाने एकमेकांवर केवळ प्रेम करावयाचे होते. रॉचडेलमध्ये विणकराची बायको आपल्याच दुकानातून साखर घेई तेव्हा तिच्या नावावर परताव्याचे चार पैसे जमत, आणि दुकानही वाढे. तिला एका वेळी स्वार्थी आणि परमार्थी होता आले. एकट्याने आपले हित समूहाच्या हितात पाहावे, हे तत्त्व येथे तिमाहीच्या हिशेबात दिसू लागले. अकरा वर्षांत अठ्ठाविसांचे हजारावर सभासद झाले.

आता रॉचडेलचीही दुसरी बाजू. या मंडळींनी पुढे सहकारी तत्त्वावर सुताची गिरणी काढली, आणि कामकऱ्यालाही नफ्यात वाटा असे ठरविले. पैसा लागला म्हणून भाग बाहेरच्यांना विकले. गिरणी चांगली चालली, तसे नफ्याच्या वाट्याकडे नवे भागधारक डोळे वटारून पाहू लागले, आणि १८६२ साली त्यांनी मतदान करून कामकऱ्यांचा वाटा बंद केला. नियमाप्रमाणे, बहुमताने. मतदान करणाऱ्यांत पुष्कळ जण स्वतः दुसऱ्या गिरण्यांत राबणारेच होते.

विसाव्या शतकात समूहवादाने जे रूप घेतले ते पाहिले तर ओवेनचा काळा ठोकळा खेळणे वाटू लागतो. १९२९ च्या अखेरीपासून स्टालिनने रशियातील शेती सामुदायिक करावयास घेतली. शेते, बैलजोड्या, घोडे सामुदायिक शेतात जमा करा, असा हुकूम निघाला. ज्यांनी हरकत घेतली त्यांना ‘कुलक’ ठरवून सैबेरियाकडे रवाना केले. शेतकऱ्यांनी जनावरे जमा करण्याऐवजी कापून खाल्ली. १९३२ च्या ऑगस्टात सामुदायिक मालमत्तेच्या चोरीबद्दल देहान्त शिक्षेचा कायदा झाला, आणि शेतातील कणसे वेचणाऱ्या बायकांनाही त्याची झळ लागली. त्या वर्षी आणि पुढच्या वर्षी युक्रेन, कझाकस्तान आणि व्होल्गाच्या खोऱ्यात मिळून पन्नास लाखांहून अधिक माणसे उपासमारीने गेली. धान्य पिकविणारीच माणसे. डिसेंबर १९३२ मध्ये देशांतर्गत प्रवासाचे परवाने निघाले, ते सामुदायिक शेतावरच्या शेतकऱ्यांना दिलेच नाहीत. तो भेद कायद्याने उठविण्याचा निर्णय १९७४ मध्ये झाला. न्यू हार्मनी फसली तेव्हा लोकांनी गाठोडी बांधली आणि ते निघून गेले. येथे निघून जाण्याची वाटच बंद होती. चीनने १९५८ मध्ये हाच खेळ याहून मोठ्या पटावर मांडला. घराघरांतल्या चुली मोडून सामाईक भोजनगृहे काढली. त्यानंतरच्या दुष्काळात जे मेले त्यांची मोजदाद कोटींत होते.

आपल्याकडेही हा वाद गाजला, तो महाराष्ट्राच्या अंगणातच. जानेवारी १९५९ मध्ये काँग्रेसच्या नागपूर अधिवेशनात सहकारी संयुक्त शेतीचा ठराव झाला. मालकी शेतकऱ्याची राहील, पण कसणे एकत्र होईल, असे नेहरू सांगत होते. चरणसिंगांनी त्यास विरोध केला. राजाजींनी त्याच वर्षी जो स्वतंत्र पक्ष काढला त्याच्या मुळाशी हा ठरावही होता. बांधावरून भाऊ-भाऊ कोर्टात जाणाऱ्या देशात संयुक्त शेती कागदावरच राहिली, यात नवल नाही.

परंतु म्हणून आपल्या लोकांना एकत्र येणे जमतच नाही, असे कोणी म्हणेल तर ते खोटे आहे. धुळे-नाशिककडे पांझरा, मोसम या नद्यांवर जुने बंधारे आहेत. त्यांवर फड पद्धतीची बागाईत शतकानुशतके चालत आली. शिवार फडांत विभागलेले, एका फडात सर्वांचे पीक एकच, आणि पाणी पाटकऱ्याच्या हातून पाळीपाळीने. जमीन ज्याची त्याची, पाणी सर्वांचे. त्यांना समूहवाद हा शब्द कोणी शिकविला नव्हता. बडोद्यास १८८९ मध्ये विठ्ठल लक्ष्मण कवठेकर यांनी मध्यमवर्गीय मराठी घरांसाठी ‘अन्योन्य सहाय्यकारी मंडळी’ काढली. तेव्हा सरकारचा सहकारी कायदा यावयास अजून पंधरा वर्षे होती. आणि लोणीच्या विठ्ठलराव विखे पाटलांनी गावोगाव हिंडून, शेतकऱ्यांच्या ओसरीवर बसून, साखर कारखान्यासाठी भाग गोळा केले, ही हकिगत तर महाराष्ट्राला पाठ आहे. प्रा. धनंजयराव गाडगीळ अध्यक्ष आणि विखे पाटील उपाध्यक्ष, असा तो कारखाना १९५० च्या अखेरीस प्रवरानगरला धडाडला. अर्थशास्त्राचा प्राध्यापक आणि चौथी शिकलेला शेतकरी एका बाकावर बसले होते. रॉचडेलच्या विणकरांना हे दृश्य फार आवडले असते.

पुढे कारखाने शेकड्याने वाढले. त्यांच्याबरोबर शाळा, दवाखाने, महाविद्यालये आली. त्यांच्या पाठोपाठ घराणीही आली. एक सभासद एक मत हा नियम पुस्तकात तसाच राहिला, पण पॅनेल कोणाचे हे आधीच ठरू लागले. कित्येक कारखाने कर्जात बुडाले आणि खाजगी मालकांना विकले गेले. यावर वृत्तपत्रांत पुष्कळ छापून येते, तेव्हा मी त्यात भर घालीत नाही.

मला दिसते ते वेगळेच. दरसाल दसरा-दिवाळीच्या सुमारास, आपण करंजीचे सारण ढवळीत असतो त्या दिवसांत, बीडकडून आणि आसपासच्या कोरडवाहू तालुक्यांतून लक्षावधी माणसे बैलगाड्या, ट्रक आणि ट्रॅक्टर भरून ऊस तोडावयास निघतात. नवरा-बायकोची जोडी धरून एक ‘कोयता’. मुकादमाकडून घेतलेली उचल फिटेपर्यंत हात थांबवावयाचा नाही. शाळेच्या हजेरीपटावर त्या मुलांच्या नावापुढे दिवाळीच्या सुट्टीनंतर गैरहजेरीच्या खुणा पडू लागतात आणि वैशाखापर्यंत पडत राहतात. ज्या सहकारी कारखान्यासाठी ते ऊस तोडतात त्याचे ते सभासद नसतात. भाग असतो तो ऊस लावणाऱ्याचा, तोडणाऱ्याचा नाही. कोणी मुद्दाम अन्याय करावा म्हणून हा नियम लिहिला नाही. कुंपण घातले त्या दिवशी ती माणसे फडात होती आणि सभा दुसरीकडे भरली होती, एवढेच. त्यांच्या मुलांसाठी साखरशाळा निघाल्या, काही वसतिगृहे निघाली, त्यांच्या मजुरीसाठी वाटाघाटीही होत आल्या; परंतु सभासदत्वाचा प्रश्न कोणत्या वार्षिक सभेच्या विषयपत्रिकेवर आल्याचे माझ्या वाचनात नाही.

ओवेन १८५८ पर्यंत जगला. सत्त्याऐंशीव्या वर्षी लिव्हरपूलच्या एका परिषदेत त्याला आधार देऊन व्यासपीठावर नेले. चार वाक्ये बोलून झाली आणि त्याला उचलून बिछान्यावर निजवावे लागले. मग त्याने जन्मगावी न्यूटाउनला नेण्याचा हट्ट धरला आणि तेथेच, जेथे जन्मला त्या घराच्या शेजारी, नोव्हेंबरात त्याने प्राण सोडला. १९०२ साली इंग्लंडातील सहकारी मंडळ्यांनी वर्गणी काढून त्याच्या थडग्याला सुंदर लोखंडी कठडा बसविला.

रॉचडेलचे नियम मात्र प्रवास करीत राहिले. जगभरच्या सहकारी मंडळ्यांच्या आंतरराष्ट्रीय संघाने ते पुन्हा तपासून पाहण्यासाठी १९६४ साली एक आयोग नेमला; त्याचे अध्यक्ष होते महाराष्ट्राचे अर्थशास्त्रज्ञ प्रा. द. गो. कर्वे. १९६६ मध्ये व्हिएन्नाच्या अधिवेशनापुढे त्यांचा अहवाल आला. रोखीचा नियम आणि पंथ-राजकारणापासून अलिप्त राहण्याचा नियम त्यांनी सक्तीच्या यादीतून काढले, आणि सहकारी संस्थांनी आपसांत सहकार्य करावे हे एक नवे तत्त्व घातले. एक सभासद एक मत राहिले. शिक्षणावर नफ्यातून खर्च करण्याचे तत्त्वही राहिले. टोड लेनच्या त्या विणकरांनी नफ्यातील अडीच टक्के यासाठी बाजूला काढावयाचे ठरविले होते, आणि दुकान जरा बरे चालू लागताच त्यांनी त्या वखारीचे वरचे मजलेही घेतले, ते वर्तमानपत्रे आणि पुस्तके ठेवण्यासाठी.